पद रिक्त, कार्यभार अतिरिक्त

सरकारी नोकराच्या बदलीचा आदेश निघाला की घरातून पहिला प्रश्न येतो, 'कुठं?' उत्तर 'येरवडा' असेल तर शेजारून दुसरा येतो, 'जेल की हॉस्पिटल?' खरं उत्तर ऐकल्यावर शेजारी जरा हिरमुसतात. जेलमध्ये बदली झालेल्याकडे निदान सांगण्यासारखे किस्से असतात, कोण आत आला, कोण जामिनावर सुटला. मनोरुग्णालयात रुजू झालेल्याला मात्र निवृत्तीपर्यंत एकच विनोद ऐकावा लागतो, 'काय, संध्याकाळी बाहेर सोडतात ना?' आणि तो करणारा प्रत्येक जण, आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला अशा आनंदात करतो.

शेजाऱ्यांची गफलत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. महाराष्ट्र सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्यातलं येरवडा. या चारही गावांना तुरुंग आहे. नागपूरचं रुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. त्या अमदानीत देशात बऱ्याच ठिकाणी वेड्यांच्या इस्पितळांवर वरून देखरेख असायची ती तुरुंगांच्या महानिरीक्षकाची. रोजचा कारभार पाहायचा तो गावचा सिव्हिल सर्जन. त्याच्याकडे सिव्हिल हॉस्पिटल, त्याच्याकडेच तुरुंगातले आजारी, शवविच्छेदनं, साथी, साहेबलोकांच्या मडमांची डोकेदुखी, आणि यातून वेळ उरला तर वेड्यांचं इस्पितळ. म्हणजे मानसिक आरोग्य खात्यातला पहिला अधिकारी अतिरिक्त कार्यभारावरच होता. एखाद्या खात्याने आपली परंपरा इतकी निष्ठेनं जपल्याचं उदाहरण विरळाच.

मग १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा आला. तुरुंग खात्याचा हात निघाला आणि या इस्पितळांना मनाच्या आजारांतलं कळणारे पूर्णवेळ अधिकारी असावेत, ही कल्पना सरकारदरबारी रुजू झाली. कल्पना वेळेवर रुजू झाली. अधिकारी अजून येतायत.

अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं कुठल्याही जिल्ह्यात प्रभारी साहेबांचं टेबल पाहावं. पेनस्टँडशेजारी शिक्क्यांची चवड असते. एक मूळ पदाचा, एक 'अतिरिक्त कार्यभार' असं कंसात म्हणणारा, आणि एक गेल्या वर्षीच्या कार्यभाराचा, जो काढून घेतला गेला असला तरी शिक्का कुणी परत मागितलेला नाही. सही एकच, शाईची डबीही एकच. शिपाई फाइल पुढे करताना कुठला शिक्का हवा ते हळूच सांगतो, कारण साहेब आता कोण आहेत हे त्यालाच नक्की ठाऊक असतं. घाईत चुकीचा उमटला तर साहेब स्वतःच स्वतःला पत्र लिहितात आणि त्या पत्राची पोच देतात. दोन्ही कागदांना वेगळे जावक क्रमांक पडतात. कुणी याला द्विधा मनःस्थिती म्हणेल, पण सेवापुस्तिकेत त्याची नोंद 'कार्यक्षम' अशी होते.

हे घडतं ते माणूस नाही म्हणून. २०२३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचा आकडा आहे. अपेक्षा तिघांची. इंग्रजीत हा आकडा दशांश चिन्हामुळे शास्त्रीय वाटतो. मराठीत सरळ सांगायचं तर लाखाला पाऊण डॉक्टर. आणि हा पाऊणही बहुतेक शहरात दवाखाना थाटून बसलेला. तालुक्याच्या वाट्याला त्यातला नेमका कोणता भाग येतो, हे अहवाल सांगत नाही. बहुधा सही करणारा हात येत असावा.

जिल्ह्याजिल्ह्यात हे उपचार पोचावेत म्हणून सरकारनं काही केलं नाही, असं मुळीच नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९९६ मध्ये त्याच्या पोटी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जन्माला आला, सुरुवातीला देशभरात चार जिल्ह्यांपुरता. पुढे तो वाढत वाढत बहुतेक सगळ्या देशात पोचला. प्रत्येक जिल्ह्याला एक चमू द्यायचं ठरलं. त्यात मनोविकृतीतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, मनोविकृती परिचारिका, सामुदायिक परिचारिका, देखरेख व मूल्यमापन अधिकारी, रुग्णनोंदणी सहायक आणि परिचर. यादी वाचूनच रुग्णाला निम्मं बरं वाटावं. मात्र यादी करणारे लोक अनुभवी होते. मनोविकृतीतज्ज्ञ न मिळाल्यास प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ न मिळाल्यास प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, अशी सोय त्यांनी आधीच करून ठेवली. परिचर न मिळाल्यास काय, याची तरतूद कुठे दिसत नाही, कारण ती वेळ येत नाही.

मग वर्तमानपत्रात छोटी चौकट येते. 'थेट मुलाखत. पदे निव्वळ कंत्राटी स्वरूपाची. नियमित सेवेत सामावून घेण्याबाबत कोणताही हक्क सांगता येणार नाही.' अकरा महिन्यांचा करार, मग एका दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी माणूस बेकार असतो. तरी बहुतेक जण कामावर येतात, कारण रुग्णांना तांत्रिक खंड समजावून सांगता येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात पाहावं. मनोविकृतीतज्ज्ञाच्या पदासाठी ठेवलेली खुर्ची सकाळपासून मोकळी. निवड समिती दोन चहा घेते, पंख्याकडे पाहते, आणि कारकून 'उमेदवार अनुपस्थित' अशी नोंद करतो. इतक्या वर्षांच्या सरावानं त्याचं अक्षर या दोन शब्दांत विशेष वळणदार झालेलं असतं. तिकडे सामाजिक कार्यकर्त्याच्या पदासाठी मात्र व्हरांडा फुललेला. एमएसडब्ल्यू झालेल्या मुली, बीएड करता करता समुपदेशनाचा डिप्लोमा केलेली मुलं, एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात आठ वर्षं काढून तिथला निधी आटल्यावर इकडे वळलेले, क्षयरोगातून कुष्ठरोगात आणि कुष्ठरोगातून मनोरोगात आलेले. यांच्या बायोडाट्यात आरोग्य खात्याचा अर्धा इतिहास वाचायला मिळतो. दिल्लीत ज्या आजारासाठी पैसा मंजूर झाला, त्या आजाराचा त्यांना अनुभव. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात स्वसाक्षांकित प्रतींचे दोन संच, आणि नेमका पासपोर्ट फोटो एक कमी. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला हा दिवस दिवाळीसारखा.

आत समिती विचारते, 'कामाचा ताण कसा हाताळाल?' उमेदवार पाठ केलेलं उत्तर देतो: दीर्घ श्वसन, वेळेचं नियोजन, सकारात्मक विचार. गेल्या तीन महिन्यांचं मानधन अजून जमा झालेलं नाही, हे तो सांगत नाही. तीन महिने बिनपगारी काढूनही हा इस्त्रीचा शर्ट घालून हसतमुखानं आला आहे, यापेक्षा ताण हाताळण्याचा आणखी काय दाखला हवा, हे समितीच्याही लक्षात येत नाही.

खरी मौज मात्र शैक्षणिक अर्हतेत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं कोण कोण म्हणजे नेमकं कोण, हे बजावून ठेवलं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेची पात्रता हवी, नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. मनोविकृती सामाजिक कार्यकर्त्यालाही तेच, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांची एम.फिल. कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. पोरं एम.फिल.च्या मागे लागली. जागा कमी, प्रवेश परीक्षा अवघड, म्हणून काहींनी दोन-तीन वर्षं क्लासही लावले. इतक्यात, २०२२ च्या नोव्हेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं नवे नियम काढले आणि एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. नोकरीला लागणारी पदवी एका खात्यानं सक्तीची केली आणि दुसऱ्या खात्यानं रद्द केली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत परस्परविरोधी आज्ञा मिळाल्यानं माणसाचं काय होतं यावर प्रकरणं आहेत. इथे पूर्ण प्रवेश प्रक्रियाच त्या प्रकरणात जाऊन बसली. शेवटी २०२४ च्या जानेवारीत आयोगानं जाहीर केलं की फक्त या दोन विषयांपुरती एम.फिल. २०२५-२६ पर्यंत चालू ठेवता येईल. मेलेल्या पदवीला दोन वर्षांची मुदतवाढ! आपल्याकडे पेन्शनसाठी हयातीचा दाखला मागतात, इथे तो पदवीनंच आणून दिला.

त्याच कायद्यातली 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या पदाची व्याख्या तर मन मोठं असणं म्हणजे काय, याचा नमुना आहे. मानसोपचारतज्ज्ञ आहेच. राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेले इतर व्यावसायिक आहेत. शिवाय आयुर्वेदातली मनोविज्ञान व मानसरोग या विषयातली पदव्युत्तर पदवी चालते, होमिओपॅथीतली मानसोपचाराची चालते, युनानीतली मोआलिजात चालते, सिद्ध पद्धतीतली सिरप्पु मरुत्तुवम चालते. एकाच रुग्णाबद्दल या चौघांची बैठक बोलावली तर निदान काय होईल सांगता येत नाही, पण इतिवृत्त वाचनीय होईल. आणि हे सगळे मोजल्यावरही हिशेब लाखाला तिघांपर्यंत पोचत नाही. कायद्यानं त्याचीही काळजी घेतली आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, लोकसंख्येच्या मानानं मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांना धरून व्हावी म्हणून सरकारनं प्रयत्न करायचे आहेत. म्हणजे २०२८ पर्यंत. 'प्रयत्न करायचे आहेत' हे शब्द ज्यानं मसुद्यात घातले, त्याला सरकारी नोकरीचा दांडगा अनुभव असला पाहिजे.

खुर्चीवर कोण बसावं, हा वाद फक्त आपल्या राज्यातच आहे असं समजून कुणी स्वतःला कमी लेखू नये.

बंगळुरूची निमहान्स ही देशातली या विषयातली अग्रगण्य संस्था. १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि तिथलंच जुनं मनोरुग्णालय यांच्या विलीनीकरणातून ती १९७४ मध्ये उभी राहिली. १९५४ च्या संस्थेचे प्रमुख डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी मानसोपचारतज्ज्ञ होते. निमहान्सचे पहिले संचालक झाले ते डॉ. आर. एम. वर्मा, आणि ते होते न्यूरोसर्जन. मनाच्या दवाखान्याचा मुख्य माणूस कवटी उघडणारा. मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं जे बोलून बाहेर काढू पाहतात, ते हे गृहस्थ थेट आत जाऊन पाहायचे. पण संस्था त्यांच्या काळात पायावर उभी राहिली, हेही खरं. तेव्हा संचालकाच्या खुर्चीला मन लागतं की मेंदू, याचा निकाल अजून लागायचा आहे. दोन्ही असलेला उमेदवार मुलाखतीला येत नाही, एवढं मात्र निवड समित्यांना माहीत आहे.

अमेरिकेतही हीच कुरबुर आहे, फक्त तिथे ती संसदेत होते. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य सेवांसाठी तिथल्या केंद्र सरकारनं १९९२ मध्ये 'सॅम्सा' नावाची संस्था काढली. २००९ पासून काही वर्षं तिच्या प्रमुख होत्या पामेला हाइड, पेशानं वकील. टिम मर्फी नावाचे एक खासदार, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, ते या संस्थेच्या हात धुऊन मागे लागले. शेवटी २०१६ च्या एका कायद्यात या पदाचा दर्जा वाढवला गेला. २०१७ मध्ये त्या पदावर आल्या डॉ. एलिनोर मॅक्कान्स-कॅट्झ. या बाई पूर्वी याच संस्थेच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी होत्या. संस्थेच्या कारभाराला वैतागून बाहेर पडल्या, बाहेर पडल्यावर तिच्यावर जाहीर टीका करणारा लेख लिहिला, आणि मग तिच्याच प्रमुख होऊन परतल्या. आपल्याकडे असा लेख लिहिणाऱ्याची गडचिरोलीला बदली झाली असती. अर्थात तिथे जाऊनही त्याला अतिरिक्त कार्यभार मिळालाच असता.

त्याच देशातल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संशोधन संस्थेचे २००२ ते २०१५ या काळातले संचालक होते थॉमस इन्सेल. मानसोपचारतज्ज्ञच, पण त्यांचं नाव झालं ते 'प्रेअरी व्होल' नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावरच्या संशोधनानं. हा प्राणी जोडीदाराशी एकनिष्ठ राहतो. का राहतो, याचा मेंदूतला माग इन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्याआधी माकडांच्या संशोधन केंद्राचंही ते संचालक होते. संचालकपद सोडल्यावर ते गेले गूगलच्या कंपनीत. उंदीर, माकड, माणूस आणि संगणक! आपल्या लोकसेवा आयोगानं हा बायोडाटा पाहिला असता तर 'अनुभव संबंधित संवर्गातील नाही' असा शेरा मारून पशुसंवर्धन खात्याकडे वर्ग केला असता.

वर्ग एकच्या खुर्च्या अशा रिकाम्या किंवा वादग्रस्त असताना ही रुग्णालयं चालतात कशी? त्याचं उत्तर गट क आणि गट ड मध्ये आहे. आरोग्य विभागाच्या जाहिरातीत ही पदं पाहावीत: अधिपरिचारिका, व्यवसायोपचार तज्ज्ञ, समोपदेष्टा, गृहवस्त्रपाल, शिंपी, सुतार, नळ कारागीर, दूरध्वनीचालक, कक्षसेवक. एवढ्या माणसांत अख्खं गाव वसतं, आणि येरवड्यासारख्या अडीच हजार खाटांच्या रुग्णालयाला गावाइतकीच माणसं लागतात. या पदांवर येणाऱ्यांची मानसिक तयारी सरकार भरतीच्या वेळीच करून घेतं. २०२१ च्या सप्टेंबरात या गटांची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, तेव्हा पोरं एसटीत बसून निघालेली होती. ऑक्टोबरात परीक्षा झाली. मग पेपर फुटल्याचं उघडकीस आलं, अटका झाल्या, त्यात खात्याचेच अधिकारी निघाले. भरती रद्द. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी जाहिरात आली, १०,९४९ जागांची. या सगळ्यातून टिकून जो रुजू झाला, त्याला वॉर्डात कुणी ताट भिरकावलं तरी विशेष काही वाटत नाही.

आणि वॉर्डातलं खरं ज्ञान असतं ते याच्याकडे. कोणता रुग्ण गोळी जिभेखाली धरून नंतर संडासात टाकतो, कुणाला आंघोळीला 'चला' म्हटलं की राग येतो पण 'आज बुधवार' म्हटलं की तो स्वतःच टॉवेल घेऊन निघतो, कुणाला जेवणाआधी रेडिओवरच्या बातम्या सांगाव्या लागतात, हे केसपेपरवर नसतं. नवा डॉक्टर राउंडला निघाला की कक्षसेवक दोन पावलं मागून चालतो आणि हळू आवाजात सूचना देत राहतो. डॉक्टर त्या ऐकून गंभीरपणे मान हलवतो, जणू हे त्याच्या मनात होतंच. कक्षसेवकाची शैक्षणिक पात्रता दहावी. त्याचा गोपनीय अहवाल लिहिताना मात्र कुणी 'निदानकौशल्य' असा रकाना ठेवलेला नाही.

माणसं कमी पडली तर काय करावं, याचं एक उत्तर अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात शोधलं होतं. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना बोलावलं, रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि सांगितलं, तुमच्या माणसासोबत राहा. जाहिरात नाही, बिंदुनामावली नाही, सेवाज्येष्ठता यादीवर हरकती नाहीत. आई, भाऊ, बायको थेट सेवेत दाखल. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. देशभर या प्रयोगाचं कौतुक झालं. सरकारी पद्धतीनं कौतुक झालं म्हणजे बाकीच्या रुग्णालयांनी तो पाठ्यपुस्तकात वाचला.

आता राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. २०१७ च्या त्याच कायद्यानं या प्राधिकरणात कोण असावं ते तपशीलवार सांगितलं आहे. अध्यक्ष आरोग्य खात्याचे सचिव किंवा प्रधान सचिव. मग समाजकल्याण आणि इतर संबंधित खात्यांची माणसं. या पदसिद्ध सदस्यांची पात्रता एकच, बैठकीच्या दिवशी त्या खुर्चीवर असणं. सहा महिन्यांपूर्वी हेच साहेब कदाचित मत्स्यव्यवसाय पाहत होते, सहा महिन्यांनी बंदरं पाहतील. मधल्या काळात महाराष्ट्राचं मन त्यांच्याकडे. याउलट प्राधिकरणावरचा मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मानसिक आरोग्य परिचारिका यांना प्रत्येकी किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. पंधरा वर्षं ज्यानं या क्षेत्रात काढली, त्यानं तितकी वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत काढलेली असतात, आणि मग प्रश्न येतो, मधले खंड धरायचे की वजा करायचे? एवढा अनुभव गोळा केल्यावर तो बैठकीला जाणार, आणि बैठका होत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले, हेही राज्यानं पाहिलं आहे.

मात्र याच यादीच्या शेवटाकडे एक विलक्षण कलम आहे. प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी असावेत, आणि अशा व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांचे दोन. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ नुसार न्यायालयानं विकल मनाचा ठरवलेल्या माणसाला खासदार होता येत नाही, १९१ नुसार आमदारही होता येत नाही. विधिमंडळाचं दार बंद, पण मानसिक आरोग्याच्या टेबलाभोवती राखीव खुर्ची! स्थळ पाहताना मुलाकडची माणसं आवाज खाली करून 'घरात कुणाला तसलं काही नाही ना?' असं जिथे विचारतात, नोकरीच्या अर्जात औषधांच्या रकान्यापुढे माणसं जिथे रेघ ओढतात, त्या राज्यात कायदा सांगतो की तुझा आजार हा तुझा अनुभव आहे, तो बायोडाट्यात लिही.

आणि अनुभव म्हणावा तर तो दांडगाच असतो. मनोरुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात वर्षानुवर्षं शिवणयंत्र चालवणाऱ्या बाया आहेत. दिवाळीआधी पणत्या रंगवणारे, राख्या गुंफणारे, कागदी पिशव्या करणारे पुरुष आहेत. त्यांनी केलेल्या वस्तूंचा स्टॉल लागतो, पाहुणे फोटो काढून घेतात. या माणसांनी तीन-चार अधीक्षक, दोन कायदे आणि रुग्णालयाच्या नावाच्या बदललेल्या पाट्या पाहिलेल्या असतात. आतल्या कारभाराबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. फक्त त्यांची सेवापुस्तिका नाही, तिला केसपेपर म्हणतात.

या राखीव जागेसाठी खरोखरच एखादा गृहस्थ अर्ज घेऊन जिल्हा कार्यालयाच्या खिडकीशी आला, तर संवाद साधारण कसा होईल, हे सरकारी कचेरीत एकदा तरी दाखला काढलेल्या कुणालाही सांगता येईल.

'अनुभवाचं प्रमाणपत्र?'

'कसल्या अनुभवाचं?'

'आजाराच्या.'

'हे डिस्चार्ज कार्ड आहे ना.'

'हे जुनं झालं. कायद्यात लिहिलंय, पूर्वी कधी दाखल होता एवढ्यावरून आज आजारी म्हणता येत नाही.'

'मग बरा झालोय असं धरा. होऊन गेलेलाही चालतो ना?'

'चालतो की. पण होऊन गेला होता, असा दाखला लागेल. सक्षम अधिकाऱ्याचा.'

'सक्षम अधिकारी कोण?'

'मनोविकृतीतज्ज्ञ, वर्ग एक.'

'कुठे बसतात?'

'पद रिक्त आहे. चार्ज शेजारच्या जिल्ह्यातल्या साहेबांकडे आहे. ते मंगळवारी येतात.'

'आज मंगळवारच आहे.'

'आज नाही भेटणार. आज मुलाखत आहे.'

'कुणाची घेतायत?'

'घेत नाहीत, देतायत. प्रायव्हेट हॉस्पिटलात.'